ताई, चेंडू कुठे फेकू?

मंडळी, रोज संध्याकाळी साडेपाच ते सात आपल्या ग्राउंडच्या कोपऱ्यात बारा-तेरा मुली हातात एवढाले ग्लोव्ह घालून नक्की काय करत असतात, हा प्रश्न मला मेसमध्ये आजवर किमान वीस जणांनी विचारलाय. बॉईज हॉस्टेलच्या गॅलरीतून तर रोजची कॉमेंट्रीच चालू असते. "अगं फेक ना!" "तिकडे कशाला टाकला, इकडे टाक की!" संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा म्हटलं, चला, एकदाचं सगळ्यांना सांगूनच टाकू. एक विनंती मात्र आधीच करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या भरवशावर सोडलंय. सांभाळून घ्या.

त्या मुली जवळच्या शाळेच्या चौदा वर्षांखालच्या सॉफ्टबॉल टीमच्या. जिमखान्याच्या सरांनी आमच्या कॉलेज टीममधल्या तिघींना त्यांना शिकवायला सांगितलं. एकीकडे पिचिंग गेलं, दुसरीकडे बॅटिंग, आणि माझ्याकडे आली इनफिल्ड. म्हणजे आतल्या मैदानातल्या सहा जणी: पिचर, कॅचर, तीन बेसवरच्या तिघी आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभी राहणारी शॉर्टस्टॉप. चेंडू अडवायला शिकवणं सोपं आहे हो. गुडघे वाकव, ग्लोव्ह जमिनीला टेकव, डोळे चेंडूवर. महिन्याभरात जमतं. खरी पंचाईत चेंडू हातात आल्यावर होते. तो फेकायचा कुठे?

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॉफ्टबॉलचा जन्म 1887 मध्ये शिकागोत झाला, तोही एका क्लबच्या हॉलमध्ये, बॉक्सिंगचा ग्लोव्ह चेंडू म्हणून आणि झाडूचा दांडा बॅट म्हणून वापरून! (हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये क्रिकेट खेळणाऱ्यांनी अभिमान बाळगावा.) आपल्याकडे महाराष्ट्रात तो शाळांमधून बऱ्यापैकी खेळला जातो. चौकोन 45 अंशांत फिरवून कोपऱ्यावर ठेवलेलं मैदान, म्हणून त्याला डायमंड म्हणतात. चार कोपऱ्यांवर होम, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड. एका बेसपासून पुढचा बेस 60 फूट, म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षा सहा फूट कमीच. बॅटरने (बॅटला आपल्याकडच्या शाळांमध्ये स्लगर म्हणतात) चेंडू मारला की फर्स्टकडे पळायचं, आणि चारही बेस फिरून होमला आलं की एक रन. तीन आऊट झाल्या की डाव पालटला. अशा सात इनिंग.

आता मुद्द्याचं. आऊट करण्याचे दोन प्रकार नीट कळले तर गॅलरीतली निम्मी कॉमेंट्री बंद होईल. एक फोर्स आऊट. फर्स्टवर एक मुलगी उभी आहे आणि बॅटरने जमिनीवरून चेंडू मारला. बॅटरला फर्स्टवर यायचंच आहे, आणि एका बेसवर दोघी राहू शकत नाहीत. म्हणजे आधीचीला सेकंडकडे पळावंच लागतं. मेसच्या रांगेत मागून ताट लागलं की पुढे सरकावं लागतं तसं. अशा वेळी सेकंड बेसवर पाय ठेवून चेंडू झेलला की ती आऊट, तिला हात लावायचीही गरज नाही. दुसरा टॅग आऊट. मागून कोणी ढकलत नसेल, तर पळणारीला चेंडू असलेला ग्लोव्ह प्रत्यक्ष लावावा लागतो.

यात एक गंमत आहे, आणि माझ्या मते इनफिल्डच्या मुलींना सगळ्यात उशिरा कळणारी गोष्ट हीच. फोर्स कायमचा नसतो. समजा फर्स्टवर रनर आहे आणि चेंडू थेट फर्स्ट बेसवालीकडे आला. तिने आधी स्वतःच्या बेसवर पाय ठेवला, तर बॅटर आऊट. पण बॅटर आऊट झाल्या क्षणी मागून ढकलणारंच कोणी उरलं नाही, म्हणजे पुढच्या रनरवरचा फोर्स गेला! आता सेकंडवर नुसता पाय ठेवून चालणार नाही, टॅग लागणार. तेच आधी सेकंडला फेकला असता तर दोन्हीकडे फोर्स. तेच दोन थ्रो, फक्त क्रम बदलला, आणि उत्तर बदललं. आपण मॅट्रिक्सच्या गुणाकारात जे रडत रडत शिकतो ते ही मुलगी तेरा वर्षांची असताना पळता पळता करते. म्हणून तिथली माझी मुलगी पाय ठेवून लगेच ओरडते, "टॅग! टॅग!" सेकंडवरच्या मैत्रिणीला कळवायला.

आता थोडा हिशोब, शेवटी आपण इंजिनिअर. समजा चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला. घासून येणारा चेंडू तिच्यापर्यंत यायला साधारण दीड सेकंद धरा. उचलून, हात मागे नेऊन सोडायला एक सेकंद. तिथून फर्स्ट बेस सुमारे 24 मीटर. मुलीचा थ्रो ताशी 60 किलोमीटरचा धरला तर 1.4 सेकंद. बेरीज 3.9. आणि बॅटर ते 60 फूट, म्हणजे 18.29 मीटर, चार सेकंदांत पळते असं समजू. फरक किती? एक दशांश सेकंद! आकडे गृहीत धरलेले आहेत, मुलीगणिक बदलतील, पण गोष्ट तीच राहते. चेंडू हातात घेऊन अर्धा सेकंद विचार केला की बॅटर सेफ. विचार करायला वेळ नाहीच. आणि विचार न करता फेकला तर तो चुकीच्या जागी जातो. मग मार्ग एकच उरतो. विचार चेंडू यायच्या आधी करून ठेवायचा.

म्हणून पिचर चेंडू टाकायच्या आधी दर वेळी आमच्या मुली बोटं दाखवून ओरडतात. शून्य आऊटला मूठ, एकला तर्जनी, दोनला तर्जनी आणि करंगळी. (दोन बोटं शेजारी धरली तर लांबून एकच दिसतं.) गॅलरीतल्यांना वाटतं ह्या रॉक कॉन्सर्टला आल्यात. तसं नाही, ती मोजदाद आहे. मग प्रत्येकीने मनात तीन प्रश्न विचारायचे. रनर कुठे कुठे आहेत? चेंडू जोरात माझ्याकडे आला तर कुठे? हळू आला तर कुठे? तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण उत्तर बहुतेक वेळा वेगळं असतं. फर्स्टवर रनर, आऊट एकही नाही, चेंडू जोरात शॉर्टस्टॉपकडे आला: सेकंडला फेक, पुढची रनर काप, जमलं तर तिथून फर्स्टला. तोच चेंडू रडतखडत आला: सेकंड विसर, फर्स्टवरची खात्रीची आऊट घे. चेंडू कुणाकडे गेला त्यावर बेस कोण सांभाळणार तेही ठरतं. डावीकडे गेला तर सेकंड बेसवाली बेसवर, उजवीकडे गेला तर शॉर्टस्टॉप.

दोन आऊट असताना तर जवळचा, सोपा फोर्स घ्यायचा, बस. पण मुलींना हे पटवणं फार कठीण जातं. थर्डवरची रनर होमकडे धावताना दिसली की सगळ्यांचा जीव वर येतो आणि चेंडू होमला जातो. वास्तविक तिसरी आऊट फोर्सने झाली, किंवा बॅटर फर्स्टला पोचायच्या आधी आऊट झाली, तर तो रन धरलाच जात नाही, मग ती रनर होम ओलांडून घरी का पोचेना! "ती पळू दे, आपण आपलं काम करू," हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा म्हणते.

याउलट फक्त सेकंडवर रनर असेल तर तिला फोर्स नाही. चेंडू उचलल्यावर तिच्याकडे एकदा डोळे वटारून पाहायचं, ती थबकली की मग फर्स्टला फेकायचा. हे वटारणं एका क्षणाचं असलं पाहिजे. आमच्या एकीने इतकं मन लावून पाहिलं की फर्स्टवाली बॅटर पोचून पाणी प्यायला मोकळी झाली. सगळे बेस भरले असतील तर होमवरही फोर्स असतो, कॅचरने फक्त प्लेटवर पाय ठेवायचा आणि लगेच फर्स्टकडे वळायचं. बंट आला, म्हणजे चेंडू नुसता टेकवून पुढ्यात सोडला, तर थर्ड आणि फर्स्टवाल्या पुढे धावतात, आणि कुठे फेकायचा ते कॅचर ओरडून सांगते. सगळं मैदान तोंडासमोर असणारी ती एकटीच. बाकीच्यांची पाठ कुठे ना कुठे असतेच.

ऑलिम्पिकचं एक उदाहरण मी मुलींना नेहमी दाखवते. टोकियो ऑलिम्पिकची फायनल, 27 जुलै 2021, जागा योकोहामा, जपान विरुद्ध अमेरिका. जपान 2-0 ने पुढे. सहाव्या इनिंगमध्ये अमेरिकेची रनर सेकंडवर, आणि अमांडा चिडेस्टरने असा काही फटका मारला की चेंडू थेट जपानच्या थर्ड बेसवाल्या यू यामामोटोच्या हातावर आदळून उडाला. शॉर्टस्टॉप माना आत्सुमीने तो जमिनीवर पडायच्या आत झेलला आणि तसाच सेकंडला फेकला. बॅटर आऊट, बेस सोडून पुढे गेलेली रनरही आऊट! जपानने सामना 2-0 नेच जिंकला. सगळे म्हणतात नशीब. चेंडू उडाला ते नशीब, मान्य. पण थर्डकडे जाणाऱ्या चेंडूच्या मागे शॉर्टस्टॉपने सरकायचं असतं, आणि झेल मिळाला तर लगेच सेकंडकडे पाहायचं असतं, हे तिच्या पायांना आधीच ठाऊक होतं. हा व्हिडिओ आमच्या मुलींनी माझ्या मोबाईलवर इतक्यांदा पाहिलाय की डेटा पॅक त्यांच्याच नावावर करायला हवा.

आता शिकवायचं कसं? बहुतेक ठिकाणी काय होतं, की कोच बाहेरून ओरडतो. "फर्स्ट! फर्स्ट!" "होम!" मुलगी तसं करते, आऊट मिळते, कोच खूश. मी याला रिमोट कंट्रोल म्हणते. यात दोन अडचणी आहेत. एक, आवाज पोचून, कळून, हात हलेपर्यंत तो एक दशांश सेकंद कधीच गेलेला असतो. दुसरी जास्त वाईट. मुलगी चेंडूकडे बघायचं सोडून बाहेर बघायला लागते. आमच्याकडे सुरुवातीला प्रत्येक चेंडूला प्रश्न यायचा, "ताई, चेंडू कुठे फेकू?" मी एकदाही उत्तर दिलं नाही. "तुला काय वाटतं?" एवढंच. पहिले दोन आठवडे भयंकर गेले. चेंडू कुठेही जायचे, एकदा तर सायकल स्टँडमध्ये.

मग प्रॅक्टिस अशी बसवली. आधी मी परिस्थिती सांगते: एक आऊट, फर्स्ट आणि सेकंडवर रनर. मग चेंडू लोटते. त्या खेळतात, आणि झाल्यावर मी फक्त विचारते, "का?" कारण बरोबर आणि थ्रो वाकडा गेला, तर शाबासकी. आऊट मिळाली पण कारण सांगता आलं नाही, तर पुन्हा. यावर आमच्यातल्याच एकीचं म्हणणं, की आऊट मिळाली ना, मग पुरे. मला नाही पटत. तेराव्या वर्षी हात कच्चा असतो, तो पुढे दोन वर्षांत आपोआप तयार होईल. विचार न करण्याची सवय मात्र एकदा लागली की पक्की बसते.

पावसाळ्यात ग्राउंडचं तळं होतं तेव्हा कॉमन रूमचा कॅरम बोर्ड कामाला येतो. बोर्डाचा एक कोपरा स्वतःकडे करा, झाला डायमंड! चार पॉकेट म्हणजे चार बेस, काळ्या सोंगट्या रनर, पांढऱ्या आपल्या मुली, स्ट्रायकर म्हणजे चेंडू. मी स्ट्रायकर सरकवते, त्या पांढऱ्या सोंगट्या हलवतात. इथे पळायचं नसतं म्हणून डोकं मोकळं राहतं, आणि भांडायला भरपूर वेळ मिळतो.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते एका प्रसंगावर. फर्स्ट आणि थर्डवर रनर. पिचरने चेंडू सोडताच फर्स्टवरची सेकंडकडे पळते. कॅचरने तिला टिपायला सेकंडला फेकला की थर्डवरची होमला घुसते. होम ते सेकंड म्हणजे डायमंडचा कर्ण, 60 गुणिले वर्गमूळ दोन, जवळजवळ 85 फूट. तेरा वर्षांच्या कॅचरचा थ्रो तिथवर जाऊन परत होमला येईपर्यंत रन कधीच झालेला असतो. पुष्कळ शाळा यावर उपाय म्हणून फेकतच नाहीत. सेकंड फुकट देतात. मला हे आवडत नाही, कारण मग फर्स्ट रिकामा होतो, दोघींपैकी कुणावरच फोर्स उरत नाही आणि पुढे सगळ्या टॅगची कटकट. आम्ही एकच डाव बसवलाय. शॉर्टस्टॉप सेकंडच्या चार-पाच पावलं पुढे येते आणि कॅचर तिच्या छातीवर फेकते. मग निर्णय शॉर्टस्टॉपचा. थर्डवरची निघाली असेल तर उलट होमला. ती थांबली असेल तर वळून सेकंडवर टॅग. आणि दोन्ही जमत नसेल तर चेंडू हातात घट्ट धरून तशीच उभी राहा. न फेकणं हाही निर्णय आहे! लहान मुलांच्या मॅचमध्ये मी पाहिलेले निम्मे रन हे फटक्यांनी झालेले नसतात. उशीर झाल्यावर रागाने फेकलेल्या दुसऱ्या थ्रोने झालेले असतात.

आता एक न आवडणारी गोष्ट. गेल्या मोसमात शाळांच्या एका मॅचमध्ये आमची टीम चार रननी पुढे होती. पाचवी इनिंग, एक आऊट, सेकंड आणि थर्डवर रनर. चेंडू शॉर्टस्टॉपकडे. बाहेरून शाळेचे सर ओरडले, "होम! होम!" तिने थर्डकडे एकदा पाहिलं, रनर निम्म्यावर पोचली होती, आणि शांतपणे फर्स्टला फेकला. बॅटर आऊट, एक रन गेला. चार पुढे असताना एक रन देऊन दुसरी आऊट घेणं हे अगदी पुस्तकी उत्तर. होमला टॅग लागली असती, थ्रो उशिरा पोचला असता, आणि सगळ्या सेफ होऊन मोठी इनिंग झाली असती. मॅच आम्ही जिंकलो. पण इनिंग संपल्यावर सर तिला सगळ्यांसमोर खूप बोलले. सांगितलेलं ऐकत नाही, शहाणी समजते, वगैरे. पुढचे तीन दिवस ती ग्राउंडवर आली नाही. तिच्या मैत्रिणीकडून निरोप आला, घरचे म्हणतात पुरे आता खेळ, अभ्यास कर.

चौथ्या दिवशी मी शाळेत गेले. सरांना कॅरम बोर्डवर सगळं मांडून दाखवलं. त्यांनी चहा मागवला, सोंगट्या दोनदा पुढे-मागे केल्या आणि म्हणाले, "तुमचं गणित बरोबर असेल मॅडम, पण रन गेला ना?" शेवटपर्यंत त्यांना पटलं असं मला वाटत नाही. मात्र मॅच चालू असताना बाहेरून बेसचं नाव ओरडायचं नाही, एवढं त्यांनी कबूल केलं. मुलीच्या आईला भेटायला मी आणि आमची पिचर दोघी गेलो. काकूंचा प्रश्न एकच होता: "तिचं चुकलं होतं का?" मी म्हटलं, "नाही काकू, मैदानात त्या वेळी तिचंच बरोबर होतं." सोमवारी ती आली. आल्या आल्या तिने बोर्ड मागितला आणि विचारलं, "ताई, एकच रनने पुढे असतो तर?"

उत्तर बदलतं, अर्थात. तेव्हा आधीच चार पावलं पुढे उभं राहायचं, म्हणजे होमचा थ्रो छोटा होतो. पण पुढे उभं राहिलं की जोराचा चेंडू बाजूने निघून जायची भीती वाढते. आणि एक सांगते. थर्ड आणि फर्स्टच्या मुली बॅटरच्या फार जवळ येतात तेव्हा तोंडावर जाळीचा मास्क हवाच. मास्क नसेल तर मुलीला मागे उभी करा, एक रन गेला तरी चालेल. दात परत येत नाहीत. यावर मी कुणाचंच ऐकणार नाही.

तर आता गॅलरीतल्या कॉमेंटेटर मंडळींसाठी एक गणित. शेवटची इनिंग, आपण एका रनने पुढे, एक आऊट. फर्स्ट आणि थर्डवर रनर. बॅटर डावखुरी आहे आणि बंट छान करते. आपली कॅचर हुशार, पण हात जरा कमजोर. शॉर्टस्टॉप कुठे उभी राहील, आणि चेंडू हळू तिच्याकडे आला तर कुठे फेकेल? कॅरम बोर्ड कॉमन रूममध्ये आहे. आम्ही सात वाजता ग्राउंडवरून परततो. उत्तर आणाल तेव्हा सोबत "का?" पण आणा.